सोसायटीचं झेंडावंदन नीट कसं करावं: कापड निवडण्यापासून घडी घालेपर्यंत

ऑगस्ट लागला की सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न येतो, "मागच्या वर्षीचा झेंडा कुणाकडं आहे?" तो कुणाकडंच नसतो. मग चौदा तारखेला रात्री कुणीतरी सोलापूरच्या नव्या पेठेत पळतं, हाताला लागेल तो झेंडा आणतं, आणि पंधराच्या सकाळी गाठ सुटत नाही म्हणून एखाद्या पोराला खांबावर चढवलं जातं. खाली राष्ट्रगीत सुरू करायचं की थांबायचं, यावर दबक्या आवाजात वाद.

हे सगळं टाळता येतं. त्यासाठी पंधरा दिवस आधी थोडी तयारी आणि आदल्या दिवशी अर्ध्या तासाची तालीम एवढंच लागतं. पुढचं सगळं अपार्टमेंटचे सेक्रेटरी, मंडळाची पोरं आणि भाषणाची जबाबदारी गळ्यात पडलेल्या मंडळींसाठी आहे. भाषणाचा भाग मुद्दाम मोठा ठेवलाय, कारण सोलापुरात झेंड्याबद्दल सांगण्यासारखं खूप आहे आणि ते बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं.

झेंडा घेताना

आधी कापड. पूर्वी झेंडा हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या कापडाचाच हवा, असा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत, म्हणजे झेंड्याच्या वापराच्या सरकारी नियमांत, बदल झाला. आता सुती, लोकर, रेशीम, खादी यांच्याबरोबर पॉलिस्टरही चालतं, आणि कापड यंत्रावर विणलेलं असलं तरी चालतं. त्यामुळे पॉलिस्टरचा झेंडा म्हणजे गुन्हा, असं कुणी ग्रुपवर लिहिलं तर वाद घालत बसू नका, हा बदल दाखवा.

माझं मत विचाराल तर सोसायटीच्या मोठ्या खांबासाठी खादी घ्यावी आणि घराच्या गच्चीसाठी पॉलिस्टर. खादी जड असते, वारा नसला तरी तिचा पडदा नीट सुटतो. पॉलिस्टर हलकं आणि पावसात पटकन वाळणारं. खादीचे प्रमाणित झेंडे हुबळीजवळच्या बेंगेरीत तयार होतात, आपल्याकडे नांदेडलाही होतात. खादी भांडारात आधी सांगून ठेवलं तर हव्या मापाचा मिळतो. तेरा-चौदा तारखेला गेलात तर उरलेलं माप घेऊन यावं लागतं.

चादरी-टॉवेलच्या गावात कापड कसं पारखायचं हे मी सांगायला नको. तरी एक चाचणी कराच. पांढरा रुमाल ओला करून केशरी आणि हिरव्या पट्ट्यावर घासा. रंग रुमालाला लागला तर तो झेंडा पहिल्याच सरीत पांढऱ्या पट्ट्यावर उतरणार.

मग टेप घ्या. झेंड्याची लांबी आणि रुंदी ३ : २ असायलाच हवी. अधिकृत मापं नऊ आहेत, सगळ्यांत मोठं ६३०० × ४२०० मिलिमीटर आणि सगळ्यांत लहान, टेबलावर ठेवायचं, १५० × १०० मिलिमीटर. तुमच्या कामाची तीनच. गच्चीवर ९०० × ६००, छोट्या सोसायटीच्या आवारात १३५० × ९००, आणि आवार मोठं असेल तर १८०० × १२००. रस्त्यावर विकायला येणारे कितीतरी झेंडे लांबीला कमी किंवा जवळजवळ चौकोनी असतात. ते टेपशिवाय कळत नाही.

तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे आहेत का ते बघा. चक्र गडद निळं हवं, काळं नको आणि आकाशीही नको. आरे मोजा, २४ भरले पाहिजेत. चक्र दोन्ही बाजूंनी दिसायला हवं. ९०० × ६०० च्या झेंड्यात पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्राचा व्यास १८५ असतो. म्हणजे वर आणि खाली जेमतेम करंगळीएवढी पांढरी जागा राहते. चक्र त्याहून फारच लहान असेल किंवा रंगीत पट्ट्याला टेकत असेल, तर तो झेंडा परत करा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

झेंड्यावर कुठलाही मजकूर छापलेला नसावा. सोसायटीचं नाव नको आणि देणगीदाराचं तर नकोच.

खांब, कप्पी, दोरी

खांब किती उंच हवा याचा नियम नाही. अंदाज असा धरा: झेंड्याची लांबी खांबाच्या साधारण पाव भाग असली की डोळ्याला बरं दिसतं. १३५० × ९०० च्या झेंड्याला सतरा-अठरा फुटांचा खांब पुरतो.

खरी भानगड वरच्या कप्पीत असते. वर्षभर ऊन खाऊन ती गंजते, दोरी तिच्या कडेला अडकते आणि झेंडा अर्ध्यातच थांबतो. दहा दिवस आधी खांब आडवा करून कप्पीला तेल द्या. खांब सिमेंटमध्ये पक्का असेल तर शिडी लावणारा माणूस आधीच सांगून ठेवा. दोरी खांबाच्या उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त हवी. सुती दोरी नको. ऑगस्टच्या भुरभुर पावसात ती फुगते आणि गाठ आवळून बसते. विणलेली नायलॉनची दोरी घ्या. पांढरी असेल तर खांबाशी शोभते, बाकी रंगाचं महत्त्व नाही.

झेंड्याच्या एका बाजूला जाड शिवलेला नेफा असतो, त्यातून दोरी ओवलेली असते. केशरी पट्ट्याकडचं टोक वर जाणाऱ्या दोरीला आणि हिरव्याकडचं खालच्या दोरीला. आत्ताच वरच्या दोरीच्या टोकाला मार्करनं खूण करा. घडी घातलेला झेंडा बाहेरून सगळा सारखाच दिसतो. उलटा झेंडा फडकल्याच्या ज्या बातम्या दरवर्षी येतात, त्यातल्या बऱ्याचशा या खुणेअभावी आलेल्या असाव्यात असं मला वाटतं.

घडी आणि सरकगाठ

हे काम दोघांचं. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरा, झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही. दोघांनी झेंडा आडवा ताणून धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्यावर दुमडून घ्यायचा, म्हणजे लांबट पट्टी होते. मग मोकळ्या टोकाकडून नेफ्याकडे वीतभर रुंदीच्या चुण्या घालत यायचं. शेवटच्या दोन चुण्यांत फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या. पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची परवानगी आहे. पण मूठभरच ठेवा. आणि झेंडूच्या ओल्या पाकळ्या नकोत, पांढऱ्या पट्ट्यावर पिवळे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. गुलाबाच्या पाकळ्या तासभर कागदावर पसरून कोरड्या करून घ्या.

आता गाठ. खालच्या दोरीचा एक पदर या गठ्ठ्याभोवती एकदाच गुंडाळायचा आणि त्याच दोरीचा फुगा त्या वेढ्यातून काढायचा. बुटाच्या नाडीचा एकच फुगा ठेवतो तशी ही सरकगाठ. दोरीचं मोकळं टोक ओढलं की ती सुटली पाहिजे. दुहेरी गाठ कधीच नको. गठ्ठा पडेल या भीतीपोटी कुणीतरी हळूच दुसरी गाठ मारतं आणि सगळा खेळ तिथं बिघडतो.

तालीम करा. खऱ्या खांबावर, खऱ्या झेंड्यानं, चौदा तारखेच्या संध्याकाळी, निदान तीनदा. गड्ड्याच्या म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, पेलणारे मानकरी जानेवारीच्या कितीतरी आधीपासून सराव करतात. तेवढा नको, पण एका सरकगाठीला अर्धा तास द्यायला हरकत नाही. रात्री गठ्ठा खांबाला बांधून ठेवू नका, घरात कोरड्या जागी ठेवा.

त्या दिवशी सकाळी

जिल्ह्याचा मुख्य शासकीय कार्यक्रम नऊच्या सुमारास असतो आणि त्या वेळेत इतर कार्यक्रम ठेवू नयेत असं परिपत्रक निघतं. सोसायटीचं झेंडावंदन साडेसात किंवा आठला उरका. मुलांना पुढे शाळेतही जायचं असतं.

झेंडा झपकन वर जातो आणि उतरताना सावकाश, मानानं उतरतो. वर गेल्यावर सगळ्यांनी झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. मोबाईलवरून स्पीकर लावणार असाल तर ब्लूटूथची जोडणी आधी तपासा, नाहीतर सरळ तोंडानं म्हणा. मला तोंडानं म्हटलेलंच आवडतं, चार सूर वेगळे लागले तरी.

त्या खांबावर दुसरा कुठलाही झेंडा नको. शेजारी मंडळाचा किंवा पक्षाचा झेंडा तिरंग्याहून उंच किंवा त्याच्या बरोबरीला असेल तर तो त्या दिवसापुरता खाली घ्या. हे बोलायला जरा अवघड जातं, म्हणून चार दिवस आधीच बोला. खांबापाशी नारळ फोडणं ही आपली रीत, पण खांबावर हार-फुलं चढवू नका, ध्वजसंहितेला ते चालत नाही. आणि झेंड्याला हळद-कुंकू लावू नका.

व्यासपीठ असेल तर काठीवरचा झेंडा वक्त्याच्या उजव्या हाताला. भिंतीवर उभा लावायचा झाला तर बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला केशरी पट्टा येतो. टेबलावर पांघरायला किंवा फोटो झाकायला झेंडा वापरायचा नाही.

फडकवायचं कुणी, यावर दरवर्षी मानापमान होतात. नियम काही नाही. अध्यक्षांनीच फडकवावा असं कुठंही लिहिलेलं नाही. रात्रपाळीच्या वॉचमनला किंवा झाडलोट करणाऱ्या मावशींना मान देऊन बघा.

पाच मिनिटांचं भाषण

भाषणाची सुरुवात १९४७ पासून करू नका. ६ एप्रिल १९३० पासून करा.

पार्श्वभूमी अशी. ३१ डिसेंबर १९२९ च्या मध्यरात्री लाहोरला रावीच्या काठी जवाहरलाल नेहरूंनी झेंडा फडकवला आणि २६ जानेवारी १९३० हा पूर्ण स्वराज्याचा दिवस म्हणून देशभर पाळला गेला. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा चढला. पुण्याहून आलेल्या अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते. इंग्रज राज्यात एका नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर हा झेंडा लावावा ही साधी गोष्ट नव्हती. सोलापूरकर तिचा अभिमान आजही सांगतात आणि तो सांगावा.

आता मुलांना विचारा, तो झेंडा कसा होता? सगळी पोरं आजच्या तिरंग्याकडे बोट दाखवतील. मोठेही दाखवतील. भिंतीवरच्या चित्रांत आणि शाळेच्या नाटकांतही १९३० च्या माणसांच्या हातात अशोकचक्राचा तिरंगा दिलेला दिसतो. तो तेव्हा नव्हताच. तेव्हा चालू होता तो १९२१ पासूनचा झेंडा: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा पट्टा आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. केशरी नव्हतं. चक्र नव्हतं.

तो झेंडा आला बेझवाड्याहून, म्हणजे आजच्या विजयवाड्याहून. तिथल्या १९२१ च्या काँग्रेस बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्यांनी तांबडा आणि हिरवा असा दोन रंगांचा नमुना गांधीजींना दाखवला. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. गांधीजींनी बाकी सगळ्या धर्मांसाठी पांढरा पट्टा घालायला सांगितलं, आणि चरखाही. याच झेंड्यासाठी १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले आणि मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली.

सोलापूरला परत या. ५ मे १९३० ला गांधीजींच्या अटकेची बातमी आली. गिरण्यांचं गाव, कामगार रस्त्यावर उतरले. ८ मेला गोळीबार झाला, माणसं मेली, दंगल उसळली. पोलीस गावातून हटले आणि पुढचे काही दिवस शहराचा कारभार लोकांनीच पाहिला. १२ मेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला तो जूनअखेरपर्यंत राहिला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली गेली. नावं चारही घ्या, पूर्ण घ्या. सलग वाचली की गावातल्या सगळ्या पेठा डोळ्यांपुढे येतात. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या पोरांना ही नावं पाठ हवीत.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगा. ते चौघे ज्या झेंड्यासाठी उभे राहिले, तो त्यांच्यामागे सातच महिन्यांत बदलला. पट्टे धर्मांचे असतील तर आमचाही रंग हवा, अशी शिखांची मागणी होती. १९३१ मध्ये काँग्रेसनं समिती नेमली. समितीनं सुचवलं, सगळा झेंडा केशरीच करा आणि कोपऱ्यात चरखा ठेवा. ते मान्य झालं नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये केशरी, पांढरा, हिरवा असे पट्टे ठरले, चरखा मधल्या पट्ट्यात आला, आणि रंगांचा धर्मांशी संबंध नाही हे स्पष्ट केलं गेलं. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांततेचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. म्हणजे रंगांवरून धर्म शोधत बसायचा वाद १९३१ लाच निकालात निघाला होता. तो आजही व्हॉट्सॅपवर रंगतो, काय करणार.

मग २२ जुलै १९४७. घटना समितीत नेहरूंनी ठराव मांडला आणि चरख्याच्या जागी चक्र आलं. कारण अगदी व्यवहारी होतं. चरखा एका बाजूनं सुलट दिसतो आणि कापडाच्या मागून बघितलं की उलटा. चाक दोन्हीकडून सारखंच दिसतं. चाकाचा नमुना सारनाथच्या सिंहस्तंभाच्या शीर्षावरून घेतला. ठरावातलं एक वाक्य बहुतेकांच्या वाचनात आलेलं नसतं: हे निळं चाक चरख्याचं प्रतीक म्हणून आहे. त्यामुळे चरखा गेला असं सरसकट म्हणू नये, निदान सूत कातून मोठ्या झालेल्या या गावात तरी. गांधीजी मात्र या बदलावर खूश नव्हते, हेही सांगायला हरकत नाही.

अर्थ सांगताना सर्वपल्ली राधाकृष्णन यांचं त्याच सभेतलं विवेचन वापरा. केशरी म्हणजे त्याग, पुढाऱ्यांनी स्वतःच्या लाभाकडे न बघणं. पांढरा म्हणजे प्रकाश आणि सत्याची वाट. हिरवा म्हणजे मातीशी, झाडापेराशी असलेलं नातं. चक्र म्हणजे धर्माचं चाक, आणि चाक आहे म्हणजे गती आहे. २४ आऱ्यांचे २४ सद्गुण अशी एक यादी दरवर्षी फिरते. ठरावात तसलं काही नाही. यादी चांगल्या गोष्टींचीच असते, पण ती घटना समितीच्या नावावर खपवू नका.

वेळ उरला तर मादाम कामांचा झेंडा. त्यांनी १९०७ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला तो फडकवला, मधल्या पट्टीवर देवनागरीत 'वंदे मातरम्' लिहिलेला. तो पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलाय. सहलीला पुणं काढलंत तर दाखवा.

लहान मुलांना भाषण नकोच असतं. त्यांना कोरे कागद आणि खडू द्या आणि दोन झेंडे काढायला सांगा, १९३० चा आणि आजचा. मोठ्यांपेक्षा त्यांच्याच जास्त लक्षात राहतं.

घरावर आणि गाडीवर

सामान्य माणसाला वर्षभर घरावर झेंडा लावता येतो हे फार जुनं नाही. २६ जानेवारी २००२ ला नवी ध्वजसंहिता लागू झाली. २३ जानेवारी २००४ ला उद्योगपती नवीन जिंदाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सन्मानानं झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. सूर्यास्ताला उतरवायचा नियमही घरांपुरता जुलै २०२२ पासून सैल झाला, आता रात्रीही ठेवता येतो. तरी वळवाचं वारं सुटलं की उतरवा. फाटका झेंडा लावून ठेवण्यापेक्षा न लावलेला बरा.

मोटारीवर झेंडा लावायचा हक्क राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायमूर्ती अशा मोजक्या पदांनाच आहे. बॉनेटवर, टपावर झेंडा पांघरणंही चालत नाही. अंगावर तिरंगा घालायचा तर कमरेच्या खाली नको, आणि उशी, रुमाल यांच्यावर तर अजिबात नको. झेंडा अर्ध्यावर उतरवणं सरकारी आदेशानंच होतं, सोसायटीनं आपल्या मनानं करायचं नाही.

उतरवल्यावर

ही घडी सकाळच्या घडीपेक्षा वेगळी. झेंडा आडवा धरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा. मग पांढरा पट्टा दोन्ही टोकांकडून मध्यभागी असा दुमडा की वर फक्त चक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी किनार दिसेल. दोन्ही तळहातांवर धरून न्या. ओला असेल तर सावलीत वाळवल्याशिवाय घडी नको, बुरशी धरते. जाड कागदात गुंडाळून सोसायटीच्या कपाटात ठेवा आणि कपाटाची किल्ली कुणाकडं आहे हे वहीत लिहा.

विरलेला, रंग उडालेला झेंडा कचऱ्यात जात नाही. तो एकांतात, पूर्णपणे, शक्यतो जाळून नष्ट करायचा. तुकडे करून पुसायला घ्यायचा नाही. मुलांच्या हातातले झेंडे कागदाचे आणा, प्लास्टिकचे नकोत. दुपारी बारापर्यंत ते जिन्यात, गटारीत, गेटपाशी पडलेले दिसतात, म्हणून दोन मोठ्या मुलांना एक पिशवी देऊन आवार फिरवा, आणि गोळा झालेले झेंडेही विरलेल्या झेंड्याबरोबरच जाळा.